दाराबाहेरच्या चपला

शैला पेंडसे ती जागा बघायला गेली एका शनिवारी सकाळी, फारशी आशा न ठेवता. अंबत्तूरच्या तिच्या ऑफिसची इमारत मालकानं विकायला काढली होती. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना माहितीपुस्तकं तयार करून द्यायची, त्यातल्या आकृत्या काढायच्या, असा तिचा व्यवसाय. माणसं मोजकी, पण जीव लावणारी. त्यांना घेऊन कुठेतरी बस्तान हलवायचं होतं आणि चेन्नईत धड जागा मिळता मिळेना. तेवढ्यात दलालानं जॉर्ज टाउनमधल्या या इमारतीचं चकचकीत माहितीपत्रक तिच्या हातात ठेवलं.

जुन्या इमारती नव्या करायचं हल्ली एक खूळच निघालंय. भिंती खरवडून विटा उघड्या पाडायच्या, त्यांवर पिवळे दिवे सोडायचे, आणि जिथे हमालांनी पाठ मोडेपर्यंत पोती वाहिली तिथे कॉफीचं यंत्र ठेवून त्याला ‘हेरिटेज’ म्हणायचं. ही इमारत त्यातलीच. पूर्वी पूजासाहित्याच्या घाऊक व्यापाऱ्याची होती. खाली दुकान, वर गोदामं. बाहेर अजूनही हातगाड्या एकमेकींत अडकलेल्या, गल्लीत माणूस आडवा होऊन चालतोय. आत मात्र थंडगार हवा आणि काचेची लिफ्ट.

दुसऱ्या मजल्यावरची ती लांब खोली बघताच शैलाला आवडली. तिला जुनं सागवानी दुपाखी दार होतं, हातभर जाड. दाराला बाहेरून एक भला मोठा लोखंडी अडसर होता. घासूनपुसून, काळा रंग देऊन, तिथेच पक्का बसवलेला. ‘शोभेचा आहे, हलत नाही,’ असं इमारतीची देखभाल बघणारा गिरिधर म्हणाला आणि त्यानं तो ओढून दाखवला. खरंच हलत नव्हता. दार उघडायला बाजूला कार्डाचं यंत्र होतं. आत जाताना कार्ड लावायचं, बाहेर पडताना लावायचं, म्हणजे आत किती माणसं आहेत ते खाली गिरिधरच्या पडद्यावर दिसतं. अडसर फक्त बाहेरूनच का, हा प्रश्न शैलाच्या मनात आला. पण गोदामाला असणारच, असं तिनं स्वतःच स्वतःला सांगून टाकलं.

तरीही ती दोन दिवस विचार करून मग सही करती. पण जिन्याच्या चौकात मालक उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर गंध, वय ऐंशीच्या घरातलं. दत्ताजी राव.

“या बाई, या,” ते म्हणाले. “आपले लोक आलांत. आम्हांस बहु संतोष जाहला.”

झालं! परमुलखात वर्षानुवर्षं तमिळ आणि इंग्रजीवर गाडा हाकणाऱ्या सांगलीच्या बाईला, जॉर्ज टाउनच्या त्या गजबजाटात, कुणीतरी मराठीत ‘या’ म्हटलं. तंजावरकडची, शे-दोनशे वर्षांपूर्वीची मराठी, मध्येच तमिळ हेल. शैला विरघळली. दिल्लीचा माणूस असता तर तिनं करारातला शब्दन् शब्द तपासला असता. इथे आपला माणूस भेटला म्हणून तीन वर्षं जागा सोडणार नाही या अटीवर तिनं डोळे झाकून सही केली. आपल्या लोकांची ही खोड जुनीच आहे.

“येक रीत मात्र पाळा, अम्मा,” म्हातारा म्हणाला होता. “आंत देवाचा माल असायचा. पादरक्षा बाहेरच सोडा. येवढंच.”

तिला ते गोडच वाटलं. चेन्नईत निम्म्या ऑफिसांत लोक चपला बाहेर काढूनच येतात. “तुम्हीही या ना आत, काका,” ती म्हणाली. “नको, नको, गुडघे,” असं म्हणत ते जिन्याच्या चौकातच थांबले. करारावरही त्यांनी तिथेच, भिंतीला कागद लावून सही केली.

सुरुवात चपलांपासून झाली.

पहिल्या आठवड्यात दाराबाहेर एक जोड जास्त दिसायला लागला. मोटारीच्या टायरची चप्पल, जाड, ओबडधोबड, पट्ट्याला खिळा मारलेला. कुणा हमालाची असेल म्हणून शैलानं दुर्लक्ष केलं. मग दुसरा जोड आला. मग त्यांची रांगच लागली. सगळ्यांची तोंडं दाराकडे. जणू माणसं चपला काढून नुकतीच आत गेली आहेत. त्यांवर पांढरी भुकटी असायची आणि जवळ गेलं की कापराचा वास यायचा.

शैलाचं डोकंच फिरलं. पहिल्या मजल्यावरचे लोक आपल्या दारात घाण करतात असं धरून चालत ती तिथे जाऊन भांडून आली. तिथे निघाले दोन हिशेबनीस. बिचारे बूट घालून बसलेले. मग तिनं गिरिधरला वर बोलावलं.

“या मजल्यावर तुम्हीच आहात, मॅडम,” तो म्हणाला. तो इंग्रजीत बोलायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर हातातल्या फोनकडे बघायचा.

“मग हे काय आहे?”

गिरिधरनं फोनवर पॅसेजचा कॅमेरा उघडला आणि तिच्यापुढे धरला. पडद्यावर तीच जागा, तेच दार, आणि ऑफिसातल्या कीर्तनाच्या निळ्या चपलांचा जोड. बाकी नुसती फरशी. शैलानं मान खाली घालून पाहिलं. टायरच्या चपला तिच्या पायाशीच होत्या.

“कॅमेऱ्यात काही नाही, मॅडम,” गिरिधर म्हणाला. त्याचा स्वतःचा पाय एका चपलेवर पडला होता. त्यानं तो उचलला, बाजूला ठेवला, आणि पुन्हा तेच म्हणाला.

शैलानं झाडणाऱ्या बाईकडून सगळ्या चपला पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकवल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत होत्या. आणखी वाढून.

मग तिची माणसं गळायला लागली. आधी मकरंद, तिचा आकृत्या काढणारा, नाशिकचा, शिकलेला, भुताखेतांची टिंगल करणारा. तो म्हणाला, “मॅडम, मी घरून काम करतो.” का, ते सांगेना. फार खोदल्यावर म्हणाला, “दुपारी जेवण झालं की मागे कुणीतरी खोकतं... एक जण नाही हो... पुष्कळ जण.” त्याच्या मागोमाग बाकीच्यांनीही कारणं काढली. शेवटी शैला आणि कीर्तना अशा दोघीच उरल्या.

ही कीर्तना म्हणजे शैलानं कामावर घेतलेली सगळ्यात पहिली मुलगी. कॉलेज संपवून आली तेव्हा तिची आई अंबत्तूरला ऑफिसात येऊन बसली होती. वडील नाहीत, एकुलती एक आहे, तुमच्याकडे सोपवते, असं म्हणाली होती. शैलानं ते मनावर घेतलं होतं. पोरगी चुणचुणीत, पण विसराळू. छत्री विसर, डबा विसर. कार्ड तर आठवड्यातून एकदा घरी राहायचंच. मग शैला आपलं कार्ड लावायची आणि म्हणायची, “ये माझ्या मागून.” नियमात ते बसत नव्हतं. पण मायेपोटी माणूस किती नियम मोडतो.

शेवटी एक दिवस शैलानंही ते ऐकलं. भर दुपार. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चाललेले. कीर्तना बँकेत गेली होती. शैला एकटीच टेबलाशी बसली होती. हळूहळू कापराचा वास दाटला... इतका, की डोळ्यांतून पाणी आलं. मग लाकडी जमिनीवर अनवाणी पावलांची चाहूल. एक, दोन, मग कितीतरी. पाठीमागून आली, तिच्या दोन्ही बाजूंनी गेली आणि दारापाशी थांबली. तिथे श्वास ऐकू येत होते. मग कुणीतरी दारावर हळूच थाप मारली... आतल्या बाजूनं.

ती धावत बाहेर पडली नाही. खुर्चीतच बसून राहिली. सगळं शांत झाल्यावर मात्र भीतीच्या जागी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याला हे माहीत होतं! तो दाराबाहेर उभा राहिला होता, एक पाऊल आत टाकलं नव्हतं त्यानं, आणि तोंड भरून ‘आपले लोक’ म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड लावून तिनं दार उघडलं. कीर्तना कार्ड विसरली होतीच. ती मागून आत आली. “सामान बांधायला घे,” शैलानं तिला सांगितलं. “काय व्हायचं ते होऊ दे, आपण इथून निघतोय. मी दत्ताजींना गाठून येते.” बाहेर पडताना सवयीनं तिनं यंत्राला आपलं कार्ड लावलं.

दत्ताजी नुंगंबाक्कमला राहत. झोपाळ्यावर बसून कॉफी पीत होते. शैला बसली नाही की तिनं नमस्कारही केला नाही.

“त्या खोलीत काय झालं होतं?”

“कांही जाहलें नाही, बाई. आग लागली होती. बहु वर्षें जाहलीं. आमचे वडील, अप्पा, त्यांच्या काळीं. कापूर होता, भुर्रकन् पेटला.”

“आणि माणसं?”

“आंत कोण्ही नव्हते.” म्हाताऱ्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला. “जेवणाची वेळ. सगळे जेवायास गेले होते. पोलिसांसही अप्पांनी तसेंच सांगितलें. कोण्ही नव्हते.”

“दाराला बाहेरून अडसर कशाला होता?”

“चोरी करत, अम्मा, ती लोकं. कमरेला बांधून नेत माल. म्हणून काम संपेस्तोवर बाहेरून लावून घ्यावें लागे. सगळेच लावत तेव्हां.” हे ते इतक्या सहज बोलले, की आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

“जेवायला गेले होते ना? मग चपला?”

त्यांनी दचकून वर पाहिलं. “कोणत्या चपला?”

“तुम्हाला माहीत आहे कोणत्या.”

म्हाताऱ्यानं पाय टेकून झोपाळा थांबवला. “त्या... त्या अप्पांनी बंब येण्याआधींच भरून समुद्रात टाकविल्या,” दत्ताजी म्हणाले. “उगा लोकांस संशय नको. रस्त्यावरच्या कोणाच्या तरी असतील.”

“रस्त्यावरच्या लोकांच्या चपला? दुसऱ्या मजल्यावर?”

“असें बोलूं नका, बाई,” ते पुटपुटले. “आपले लोक तुम्ही... कोण्ही नव्हते आंत. लिहून ठेवलें आहे पोलिसांनी.”

शैलाच्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत माणसं कोंडून ठेवायची, ती ओरडत असताना दाराबाहेर उभं राहून त्यांच्या चपला गोळा करायच्या, आणि वर ‘कोण्ही नव्हते’! आणि आज त्याच खोलीत पिवळे दिवे लावून ती भाड्यानं द्यायची, तेही गोड बोलून. असली माणसं मेल्यावर भुतं होत नाहीत. सुखानं जगतात आणि झोपाळ्यावर कॉफी पितात. ती तडक बाहेर पडली आणि रिक्षात बसता बसता तिनं कीर्तनाला फोन लावला.

“सामान राहू दे. आत्ताच्या आत्ता खाली गिरिधरपाशी जाऊन बस.”

“मॅडम, करंट गेलाय,” कीर्तना म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा. “दार उघडत नाही... ढकलून बघितलं... मॅडम, इथे फार गरम होतंय.”

“घाबरू नकोस. मी गिरिधरला सांगते.”

“घाबरत नाहीये... म्हणजे... एकटी नाहीये मी, मॅडम... सगळे दाराशीच आहेत...” मग फोन बंद पडला. पुन्हा लागला नाही.

शैलानं गिरिधरला फोन केला. तो इमारतीतच होता, तळमजल्यावर, दोन जिने खाली.

“कीर्तना आत अडकलीये. वर जा आणि दार उघड!”

“वीज गेली की कुलूप आपोआप सुटतं, मॅडम. दार उघडंच असेल.”

“उघडत नाहीये. अडसर लागलाय का बघ.”

“अडसर शोभेचा आहे, मॅडम. हलत नाही. आणि सिस्टीममध्ये तुमच्या खोलीत शून्य दाखवत होतं. सकाळी एकच कार्ड आत गेलं, तेच बाहेर आलं. आत कोणी नाही.”

“अरे गाढवा, ती माझ्या कार्डावर आत आली! आत माणूस आहे, मी सांगतेय ना! वर जा!”

“लिफ्ट बंद आहे, मॅडम. लाइट आली की बघतो.”

रिक्षा जॉर्ज टाउनच्या तोंडाशी हातगाड्यांत अडकली तशी शैलानं उडी मारली आणि धावत सुटली. कुणाला धक्का लागला, कुणी शिवी दिली, तिला शुद्ध नव्हती. तळमजल्यावर गिरिधर खुर्चीत बसून फोन बघत होता. ती त्याच्याकडे न बघता जिना चढली. मागून त्याच्या हाका येत होत्या आणि शेवटी कुरकुरणारी पावलंही.

वरच्या चौकात अंधारलं होतं. दाराबाहेर चपलांचा खच पडला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत टायरच्या चपला, आणि मधोमध कीर्तनाचा निळा जोड. अडसर लागलेला होता. जो ओढूनही हलला नव्हता तो या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार गेला होता, आणि दाराच्या फटींतून कापराचा वास येत होता.

आतून दार बडवत होते. एका हाताचा आवाज नव्हता तो.

शैलानं अडसराला हात घातला आणि किंचाळून मागे घेतला. लोखंड तापलं होतं, तव्यासारखं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पायाजवळची एक टायरची चप्पल उचलली आणि त्या चपलेनंच अडसराच्या टोकावर घाव घालायला लागली. एक, दोन, आणखी... ती रडत होती आणि तोंडानं शिव्या देत होती. दत्ताजीला, त्याच्या अप्पाला, गिरिधरला, त्या पोलिसाला, लिहून ठेवणाऱ्याला आणि ते वाचून मान हलवणाऱ्याला. अडसर बोटभर सरकला. मग हातभर. मग खळ्कन मागे गेला.

दार उघडलं. बडवणं थांबलं. आत मिट्ट काळोख होता, खिडक्या असूनही. त्या काळोखातून कीर्तना शांतपणे चालत बाहेर आली. अंगावर एक ओरखडाही नाही. केस जागच्या जागी.

“पोरी!” शैलानं तिला मिठीत घेतलं. अंग गार होतं आणि कापराचा वास येत होता. कीर्तनानं हळूच मिठी सोडवली. शैलाच्या मुठीत अजून ती चप्पल होती. कीर्तनानं ती अलगद काढून घेतली, तिचा जोड शोधून शेजारी ठेवला आणि त्यांत पाय सरकवले. रोजच्या सवयीनं सरकवावेत तसे. माप बरोबर होतं.

“कीर्तना... त्या तुझ्या नाहीत.”

“माझ्याच आहेत, अम्मा,” ती म्हणाली. आजवर तिनं शैलाला ‘मॅडम’ सोडून कधी काही म्हटलं नव्हतं. मग ती वळली आणि जिना उतरायला लागली. जड पावलांनी, पाठीवर पोतं असल्यासारखी वाकून. वर येणाऱ्या गिरिधरनं तिला वाट दिली.

“बघा, आली ना बाहेर?” तो धापा टाकत म्हणाला. “उगाच आरडाओरडा केलात, मॅडम.”

शैला उत्तर देणार तोच मागे दार मिटलं. कुणी ढकललं नव्हतं. आणि तिच्या डोळ्यांदेखत अडसर सरकत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली फरशीवर निळ्या चपलांचा जोड तसाच होता, दाराकडे तोंड करून.

आतून कुणीतरी दार ठोठावलं. या वेळी एकच हात होता.

“मॅडम...” कीर्तनाचा आवाज आला. घाबरलेला, रडवेला, अगदी जवळून. “मॅडम, तुम्ही दुसऱ्याच कुणाला सोडलंत... मी अजून इथेच आहे...”

शैलानं गिरिधरचा दंड धरला. “ऐकलंस? ऐकलंस ना तू? आत माणूस आहे!”

गिरिधरचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं ऐकलं होतं, यात शंकाच नव्हती. त्यानं दाराकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि दंड सोडवून घेत एक एक पायरी मागे उतरायला लागला.

“आत कोणी नाही, मॅडम,” तो म्हणाला.